पार्किन्सन्स : हात हलत नसला तरी (सांगली, मिरज, साताऱ्याकडचे अनुभव लिहा)

कृष्णाकाठची, सांगली

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या अण्णांना, पार्किन्सन्स हा मेंदूचा आजार आहे. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात त्यांनी उभी हयात दिवाणजी म्हणून काढली. आता भेटायला येणारा जो तो आधी त्यांच्या हाताकडे बघतो आणि म्हणतो, "हात तर कुठं हलतोय? मग कसला पार्किन्सन्स?" हात थरथरला तर पार्किन्सन्स, नाहीतर म्हातारपण, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे की तिच्यापायी कित्येकांचं निदान लांबतं. मला हे फार लागतं, म्हणून हा धागा काढते आहे.

हात अजिबात न हलणारे पार्किन्सन्सचे रुग्ण पुष्कळ असतात. डॉक्टर जी मुख्य खूण शोधतात ती हालचालींचा मंदपणा. तो असायलाच हवा. त्याच्या जोडीला स्नायूंचा ताठरपणा किंवा हात स्वस्थ असतानाचा कंप, यांपैकी एक असलं की मग पुढचा विचार होतो. मेंदूत खोलवर सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक काळपट पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि हालचाली सहज, न ठरवता होण्यासाठी ते लागतं. या पेशी वर्षानुवर्षं हळूहळू मरत जातात. बाहेर काही दिसायला लागतं तेव्हा त्यांतल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात.

आमच्याकडे सगळ्यात आधी काय बदललं हे आता मागे वळून सांगता येतं, कारण अण्णांच्या हातचे जुने कागद घरात आहेत. खतावणीतलं त्यांचं अक्षर यार्डात नावाजलेलं होतं. निवृत्तीनंतर घरखर्चाची वही ते ठेवत. त्या वहीत ओळ सुरू होते तेव्हा अक्षर टपोरं आहे, आणि उजव्या समासाकडे जाता जाता ते आक्रसत जातं. "किराणा" मोठं, पुढचा आकडा बारीक. पान उलटलं की पुन्हा मोठ्यानं सुरुवात आणि पुन्हा तेच. पुढेपुढे सही जुळत नाही म्हणून चेक परत यायला लागले. त्याच सुमारास उजवा खांदा आखडला, म्हणून खांद्याचेच उपचार बरेच दिवस चालले. चालताना उजवा हात झुलायचा थांबला होता, ते एका लग्नाच्या व्हिडिओत सगळ्यांना दिसलं.

आणि वास. राजापुरी हळद हुंगून प्रत सांगणारा माणूस, पण स्वयंपाकघरात फोडणी करपली तरी त्यांना पत्ता लागत नव्हता. वास जाणं, जुनाट बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं किंवा हातपाय झाडणं, या गोष्टी हालचाली बिघडायच्या कित्येक वर्षं आधीही दिसू शकतात, हे आम्हाला न्यूरॉलॉजिस्टनी, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञांनी, सांगितलं. बद्धकोष्ठता निम्म्या गावाला असते, त्यामुळे एकट्या तेवढ्यावरून कुणी घाबरून जाऊ नये. पण चार गोष्टी एकत्र दिसल्या तर दाखवून यावं.

चेहऱ्याचं तर फारच वाईट वाटतं. चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात, पापण्या कमी लवतात. नातू बक्षीस घेऊन आला आणि अण्णा नुसते बघत राहिले. तो मला विचारतो, "आजोबा रागावलेत का?" आत आनंद होता, तो चेहऱ्यावर उमटला नाही इतकंच.

तुमच्या घरी कुणाला असेल तर लिहा. मला विशेषतः गोळ्यांच्या वेळा आणि जेवण कसं सांभाळता, रात्रीच्या ओरडण्याचं काय करता आणि चालताना मध्येच पाय अडतात तेव्हा काय उपयोगी पडतं, हे जाणून घ्यायचं आहे.


भडंग, जयसिंगपूर

चांगला धागा. आमच्या आत्याचा हात चहाची बशी तोंडाला लावताना इतका थरथरतो की चहा सांडतो. मांडीवर हात ठेवला की एकदम शांत. हाच आजार का?


रेसिडेंट, मिरज

भडंग, न तपासता निदान सांगता येत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात एक महत्त्वाचा फरक आला आहे. पार्किन्सन्सचा कंप बहुधा हात स्वस्थ असताना दिसतो. माणूस टीव्ही बघत बसलाय आणि मांडीवरचा हात गोळी वळल्यासारखा हलतोय. वस्तू उचलायला हात पुढे केला की तो कमी होतो. शिवाय तो एका बाजूला सुरू होतो. काही करताना, बशी धरताना, सही करताना वाढणारा आणि दोन्ही हातांत असणारा कंप बऱ्याचदा वेगळा असतो. तो घराण्यात चालत आलेला असू शकतो, थायरॉइड वाढल्यानं किंवा दम्याच्या काही औषधांनीही होतो. आत्यांना दाखवाच, पण पार्किन्सन्स असं मनात धरून जाऊ नका.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या. हे मी मुद्दाम लिहितोय. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन, आणि पित्ताच्या कॅप्सूलमध्ये मिसळलेलं लेव्होसल्पिराइड, ही औषधं वयस्कर माणसांनी दीर्घकाळ घेतली तर हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात. एकदा लिहून दिलेली चिठ्ठी दाखवून दुकानातून तेच तेच आणत राहायची आपल्याकडे सवय आहे. औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत माणूस पूर्ववत झालेला मी पाहिला आहे. मात्र कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

बरेच जण विचारतात, रक्ताची तपासणी कुठली? रोजच्या व्यवहारात तशी तपासणी नाही. एमआरआय पुष्कळदा व्यवस्थित येतो. तो मुख्यतः दुसरं काही नाही ना हे बघायला काढतात. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर निबंध लिहिला तो अवघ्या सहा रुग्णांवरून, आणि त्यांतले काही तर त्यांनी रस्त्यानं चालताना पाहिलेले होते. आजही निदानाचा पाया तोच आहे. माणूस खोलीत कसा येतो, खुर्चीतून कसा उठतो, वळताना किती पावलं घेतो, बोटं चिमटीसारखी उघडमिट करताना उघडझाप हळूहळू लहान होत जाते का, हे नीट बघावं लागतं. कृष्णाकाठची ताईंनी वहीचं जे वर्णन केलंय तसे कागद रुग्णासोबत आले तर आम्हाला फार मदत होते.


बेदाणा, तासगाव

आमच्या आबांना पण हाय. वय बासष्ट. द्राक्षबाग करतोय आमी. औषधाचा परिणाम उतरला की लाईट गेल्यावर मोटर बंद पडती तसं आबा जागच्या जागी थांबत्यात. गोळी लागू झाली की परत बागंत.

माझा प्रश्न येगळाच हाय. जलम सगळा आबांनी फवारणी केली. आधी पाठीवरचा पंप, मग ट्रॅक्टर. तोंडाला कदी फडकं, कदी तेबी न्हाई. गावातली माणसं म्हणत्यात फवारणीनं झालं. खरं हाय का?


रेसिडेंट, मिरज

बेदाणा, तुमच्या आबांना नेमकं कशामुळे झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. पण प्रश्न अगदी रास्त आहे.

१९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी मुलं अचानक पुतळ्यासारखी ताठरून इस्पितळात आली. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट अमली पदार्थात एमपीटीपी नावाची भेसळ तयार झाली होती आणि तिनं सबस्टॅन्शिया नायग्राच्याच पेशी मारल्या होत्या. बाहेरून आलेलं रसायन नेमक्या याच पेशींना मारू शकतं हे तिथं कळलं. शरीरात गेल्यावर एमपीटीपीचं जे रूप होतं त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. पॅराक्वाट आणि रोटेनोन हे कीटकनाशक यांच्या संपर्कात आलेल्या शेतकऱ्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलेलं आहे. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे. पण फवारणी करणाऱ्या बहुसंख्य माणसांना हा आजार होत नाही, आणि कधी पंप हातात न धरलेल्यांना होतो. वय, काही जनुकं आणि परिसर असं मिळून ते घडतं.

आबांचं आता जे व्हायचं ते झालं. तुम्ही स्वतः हातमोजे, गॉगल, मास्क, अंगभर कपडे घालूनच फवारा, आणि फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.


बेदाणा, तासगाव

समजलं डॉक्टर. धाकट्या भावालाबी हे वाचून दाखवतो. तो अजून चड्डी-बनियनवर फवारतोय.


कंदीपेढा, सातारा

गोळ्या आणि जेवणाबद्दल मी लिहिते. माझ्या आईला लेव्होडोपा-कार्बिडोपा चालू आहे. या गोळ्या बहुतेकांना सिंडोपा या नावानं माहीत असतात. डोपामिन थेट गोळीतून दिलं तर ते मेंदूत पोचत नाही, म्हणून लेव्होडोपा देतात. मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. सोबतचं कार्बिडोपा ते वाटेतच खर्ची पडू देत नाही, त्यामुळे मळमळही कमी होते.

ही गोळी शरीरात फार वेळ टिकत नाही. म्हणून पुढेपुढे दोन गोळ्यांच्या मधला काळ मोकळा पडायला लागतो. आईच्या वेळा सकाळी सात, अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सात. सव्वातीन झाले तरी चालेल असं आमच्याकडे नाही. पंधरा मिनिटं उशीर झाला तर पुढचा तासभर तिला पाण्याचा पेला उचलता येत नाही.

जेवणाचं असं, की प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना एकाच वाटेनं जातात. गोळीबरोबर दूध घेतलं, वाटीभर उसळ किंवा अंडं खाल्लं की गोळी मागे राहते. आई पूर्वी सकाळची गोळी ग्लासभर दुधाबरोबर घ्यायची आणि अकरापर्यंत नुसती बसून असायची. आता गोळी साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर निदान अर्ध्या तासानं खाणं. दुपारी भाकरी, भाजी, ताक. आमटी, उसळ, पनीर हे बरंचसं रात्रीच्या जेवणात. प्रथिनं बंद केलेली नाहीत, त्यानं माणूस खंगतो, फक्त वेळ बदलली. लोहाची गोळीही त्याच वेळेला घेऊ नये असं डॉक्टरांनी सांगितलं, तीही बाजूला सरकवली. पोट साफ नसेल तर गोळी लागू व्हायला उशीर होतो, म्हणून पाणी, पपई, भिजवलेल्या मनुका याकडे माझं सतत लक्ष असतं.

एक गोष्ट तळमळीनं सांगते. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा एका मोठ्या रुग्णालयात तिला दाखल केलं होतं. तिथं सगळ्या वॉर्डाला एकाच फेरीत गोळ्या देत. मी सांगत होते की तीनची गोळी तीनलाच हवी. पाचला मिळाली. संध्याकाळी आई लाकडासारखी ताठ झाली, गिळता येईना, आणि कुणीतरी म्हणालं, ऑपरेशनचा धक्का बसलाय. रात्री ती घाबरून बडबडायला लागली तेव्हा शांत करायला इंजेक्शन देणार होते. मी आधी नाव विचारलं. हॅलोपेरिडॉल. ते पार्किन्सन्सच्या रुग्णाला द्यायचं नसतं हे मला ठाऊक होतं, म्हणून न्यूरॉलॉजिस्टना फोन लावून दिला आणि ते टळलं. तुमच्या माणसाला कुठल्याही कारणानं दाखल करावं लागलं तर गोळ्यांच्या वेळा आणि न चालणाऱ्या औषधांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून खाटेला चिकटवा. लाजू नका.


रेसिडेंट, मिरज

कंदीपेढा ताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला माझं शंभर टक्के अनुमोदन. त्यात भर एवढीच, की लेव्होडोपा एकाएकी बंद करणं धोक्याचं असतं. ताप येतो, शरीर ताठरतं, जिवावर बेतू शकतं. उपासाच्या दिवशीही गोळी चुकवायची नाही.

रात्रीच्या ओरडण्याबद्दल. स्वप्न पडताना एरवी आपले स्नायू सैल पडलेले असतात. इथं तो लगाम सुटतो आणि माणूस स्वप्नातलं भांडण प्रत्यक्ष भांडतो. पलंगाशेजारचं टेबल, काचेचा तांब्या, कोपरे असलेलं सामान हलवा. खाट बुटकी ठेवा, बाजूला गादी टाका. शेजारी झोपणाऱ्याला लागत असेल तर काही दिवस वेगळं झोपा. औषधं आहेत, पुढच्या भेटीत हे आवर्जून सांगा.


फिजिओ, विश्रामबाग

पाय अडण्याबद्दल मी लिहितो, माझं रोजचं काम तेच आहे.

दारात, अरुंद बोळात, वळताना, लिफ्टसमोर, कुणी घाई केली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. वरचं अंग पुढे जातं आणि माणूस पडतो. घरचे अशा वेळी हाताला धरून ओढतात. ते करू नये. थांबू द्या. चारही अंगांनी स्थिर उभं राहू द्या, एक श्वास, मग वजन डाव्या-उजव्या पायावर डोलवून एक मोठं पाऊल.

गंमत अशी की ज्याला सपाट फरशीवर पाऊल टाकता येत नाही तो जिना सहज चढतो. आपोआप होणारं चालणं डोपामिनअभावी अडतं, पण समोर काही ठरावीक दिसलं किंवा ऐकू आलं तर मेंदू दुसरी वाट वापरतो. म्हणून जिथं पाय अडतात तिथं जमिनीवर पावलाच्या अंतरानं रंगीत चिकटपट्ट्या लावा. शहाबादी फरशी असेल तर तिच्या सांध्यांचा उपयोग करा, "प्रत्येक रेघ ओलांडायची" असं सांगा. उंबऱ्यापाशी गडद पट्टी हवीच.

आणि ताल. बाहेरच्या पुस्तकांत मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक तालात टिकटिक करणारं यंत्र, सांगतात. माझ्याकडे येणारे एक आजोबा पलूसकडचे, भजनी मंडळातले. मेट्रोनोमच्या टिकटिकीनं त्यांना नुसता ताप व्हायचा. मी म्हटलं, "आजोबा, दिंडीत कसं चालता?" त्यांनी मनाशी "ज्ञानोबा माउली तुकाराम" धरलं आणि दारातून बाहेर पडले. नातवानं मोबाईलवर टाळ-पखवाजाचा ठेका भरून दिलाय. तो कमरेच्या पिशवीत, सकाळी घरापासून देवळापर्यंत.

व्यायामाला पर्याय नाही. दमवणारा व्यायाम हवा, अंगाला घाम येईल असा, जमेल तेवढा, आणि गोळी लागू असतानाच करायचा. मोठी पावलं, मोठे हातवारे, मोठा आवाज. आवाजही बारीक होत जातो आणि रुग्णाला वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय. रोज अथर्वशीर्ष किंवा हरिपाठ खणखणीत आवाजात म्हणा, शेजारच्या खोलीत ऐकू गेला पाहिजे. चालताना बोलायचं मात्र नाही, एका वेळी एकच काम.


मुख्याध्यापक, सांगली

मी स्वतः रुग्ण आहे. इथं सगळे घरच्यांच्या बाजूनं लिहीत आहेत, म्हणून आतल्या बाजूनं थोडं लिहावंसं वाटलं. मोबाईलवर बोलून टंकतो आहे, चुका समजून घ्या.

शर्टाचं वरून दुसरं बटण. बोटांच्या टोकांना काजं लागतं, बटण लागतं, दोन्ही कळतात. बटण काजात अर्धं जातं. आता अंगठ्यानं मागून ढकलायचं. तो हुकूम मी देतो आणि अंगठा येत नाही. पुन्हा देतो. तो येतो तेव्हा तर्जनीनं काजं सोडलेलं असतं. यात दुखत काहीच नाही. दारात उभं राहून कुणी "मी लावून देऊ का?" म्हटलं की जे जमत होतं तेही जमत नाही. कुणी बघत असलं, घाई असली, मनावर ताण आला की सगळं वाढतं. माझ्या पत्नीनं यावर काय केलं, तर ती आंघोळीनंतर खोलीचं दार ओढून घेते आणि मला वेळ देते. आता तर बटणांच्या मागे वेल्क्रोची चिकटपट्टी शिवून घेतली आहे, बाहेरून बटणंच दिसतात.

रात्री कुशीवर वळणं ही दिवसातली सगळ्यात अवघड गोष्ट. सुती चादरीला सुती कपडा धरून बसतो. पलंगाच्या कंबरेच्या भागावर साटीनचा तुकडा टाकल्यापासून वळता येतं. ही युक्ती मला दुसऱ्या एका रुग्णानं सांगितली.

लोकांना माझं एवढंच मागणं आहे. माझं वाक्य तुम्ही पुरं करू नका. मला शब्द सुचलेला असतो, तो बाहेर यायला वेळ लागतो. आणि दुपारी बाराला मला आमराईत फिरताना बघितलं आणि चारला मी खुर्चीतून उठू शकलो नाही, तर मी ढोंग करतो असं समजू नका. दोन्ही वेळचा मी खराच असतो.

मधली काही महिने मला कशातच रस वाटत नव्हता. वाचन सुटलं, माणसं नकोशी झाली. मी ते आजाराचं दुःख समजत होतो. डॉक्टरांनी सांगितलं की उदासी हा या आजाराचाच भाग असू शकतो, मेंदूतल्या रसायनांच्या बदलामुळे येणारा, आणि त्यावर वेगळं औषध आहे. ते घेतल्यावर मी पुन्हा वर्तमानपत्र हातात धरलं. घरच्यांनी "मन घट्ट करा" म्हणण्याआधी हे डॉक्टरांच्या कानावर घालावं.


कृष्णाकाठची, सांगली

सर, तुमचा प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवला. बटणाचं ऐकताना ते "हां, हां" करत होते. साटीनचा तुकडा आज आणते.


अनामिक_लेक

नाव न देता लिहिते आहे. माझ्या वडिलांना पार्किन्सन्ससाठी प्रॅमिपेक्झोल हे औषध सुरू केल्यावर काही महिन्यांनी ते मोबाईलवर पैसे लावून रमी खेळायला लागले. आयुष्यात पत्त्याला हात न लावलेला माणूस. रात्र रात्र जागून. मुदत ठेव मोडल्यावर आम्हाला कळलं. घरात खूप वाईट बोलणी झाली. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की डोपामिनसारखं काम करणाऱ्या या गटातल्या औषधांनी काहींना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामेच्छा आवरत नाही. डोस हळूहळू कमी केल्यावर ते थांबलं. बाबा अजून मान वर करून आमच्याशी बोलत नाहीत. त्यांचा दोष नव्हता हे मी त्यांना रोज सांगते. ज्यांच्या घरी प्रॅमिपेक्झोल किंवा रोपिनिरोल चालू आहे त्यांनी व्यवहारांकडे लक्ष ठेवा आणि वागण्यातला बदल लगेच डॉक्टरांना सांगा.


ओढ्याकाठ, वाळवा

आमच्या पाहुण्यांत एकांना कवचबीजाच्या चूर्णानं बराच फरक पडला म्हणतात. वडिलांना सुरू करावं म्हणतो. मत काय?


रेसिडेंट, मिरज

कवचबीज, म्हणजे खाजकुयलीचं बी, यात खरोखरच लेव्होडोपा असतं. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्यातून वेगळं काढून दाखवलं होतं. त्यामुळे फरक पडणं शक्य आहे. अडचण तीच आहे. चूर्णाच्या चमच्यात नेमकं किती लेव्होडोपा आहे ते माहीत नसतं, आणि वडील आधीच गोळी घेत असतील तर दोन्हींची बेरीज होते. अंग वेडंवाकडं हलायला लागतं, रक्तदाब उतरतो, भास होतात. द्यायचं असेल तर वैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांनाही कळवून. आजार मुळातून बरा करणारं औषध आज कुठल्याच पॅथीत नाही, असा दावा करून महिन्याला हजारो रुपये घेणाऱ्यांपासून दूर राहा.

मेंदूत तार घालून करायच्या शस्त्रक्रियेबद्दल, म्हणजे डीबीएसबद्दल, दोघांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलंय, इथंच लिहितो. मुंबई-पुण्यात ती होते, खर्च काही लाखांत जातो. लेव्होडोपाला चांगला प्रतिसाद मिळतो पण चढउतार आणि वेड्यावाकड्या हालचाली आवरत नाहीत, अशांना तिचा फायदा होतो. कंप, ताठरपणा कमी होतो. तोल, आवाज, गिळणं यांत फारसा फरक पडत नाही. स्मरणशक्ती बरीच खालावली असेल तर करत नाहीत.


कंदीपेढा, सातारा

अपंगत्व प्रमाणपत्राबद्दल कुणी लिहिलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत पार्किन्सन्स आहे, हे अनेकांना माहीतच नसतं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून सरकारी रुग्णालयात तपासणीला बोलावतात. आम्ही साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात गेलो होतो. तारीख घेताना आईच्या गोळीची वेळ बघून घेतली. रांगेत बसायला घरून उशी आणि गोळीसाठी पाण्याची बाटली न्या. आयकरात जुन्या करप्रणालीत उपचाराच्या खर्चाची वजावट मिळू शकते (१९६१ च्या आयकर कायद्यातलं ८०डीडीबी कलम), ज्येष्ठ नागरिकांसाठी मर्यादा १ लाख रुपये. त्याला तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, आणि नुसतं निदान पुरत नाही, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असावं लागतं.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. रुग्ण आणि घरची माणसं एकत्र येतात. आईला तिथं तिच्यासारखीच पावलं टाकणारी माणसं दिसली आणि परत येताना गाडीत ती खंबाटकीपर्यंत बोलत होती.


मुख्याध्यापक, सांगली

असं काही सांगलीत महिन्यातून एकदा जमवता येईल का? मी आमराईत सकाळी साडेदहानंतर असतो, तेव्हा माझी गोळी लागू असते. कृष्णाकाठची, अण्णांना घेऊन या. बेदाणा, आबांनाही आणा.


बेदाणा, तासगाव

आणतो गुर्जी. आबांची गोळी नवाला आस्ती, म्हंजे साडेनवाला निघालं तर जमंल. बेदाणा घिऊन येतो येताना. पुढच्या आठवड्यात मिरजंला डॉक्टरांकडंबी न्यायचं हाय त्यांना, काय तयारी करू?


रेसिडेंट, मिरज

आठवडाभर एका कागदावर रोज लिहा : गोळी किती वाजता घेतली, किती वाजता लागू झाली, किती वाजता उतरली, अंग वेडंवाकडं हललं का, पडले का. दवाखान्यात येतात तेव्हा बऱ्याचदा रुग्ण नेमके चांगल्या अवस्थेत असतात, त्यामुळे घरी गोळी उतरलेली असताना खुर्चीतून उठणं, दारातून जाणं आणि वळणं यांचा मोबाईलवर छोटा व्हिडिओ काढून आणा. बसून उठल्यावर चक्कर येते का ते विचारून ठेवा. रक्तदाबाची जुनी गोळी चालू असेल तर तीही सांगा, पार्किन्सन्समध्ये उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो आणि ती गोळी कमी करावी लागू शकते. भिंतीवर माणसं दिसणं, खोलीत लहान मुलं दिसणं असं काही होत असेल तर आबा संकोचानं सांगणार नाहीत, तुम्ही वेगळं बाजूला येऊन सांगा. आणि त्या दिवशीची गोळी नेहमीच्या वेळेलाच द्या, डॉक्टरांना दाखवायचंय म्हणून थांबवू नका.